सोलापूरहून ताजपर्यंत: मुघल वास्तू कोणत्या क्रमानं आणि कशा बघायच्या

आग्र्याहून परतलो तेव्हा मोबाईलमध्ये चारशेच्या वर फोटो होते. शेजारी एक काका राहतात, त्यांनी आयुष्यभर माग चालवून चादरी विणल्या. फतेहपूर सिक्रीच्या दर्ग्यातल्या संगमरवरी जाळीचा फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "रिपीट कुठं संपतो रे ह्याचा?" रिपीट म्हणजे नक्षीचा तो तुकडा, जो पुन्हा पुन्हा येतो. मला सांगता येईना. त्या जाळीसमोर मी चांगला वीस मिनिटं होतो. पण ती वीस मिनिटं कुणाला कुठं उभं करायचं, ऊन कुणाच्या डोळ्यांवर येतंय आणि मागून जाणारी माणसं कधी संपतायत, यात गेली.

दुसऱ्यांदा गेलो ते वही घेऊन. तेव्हापासून ओळखीतलं कुणी दिल्ली-आग्र्याला निघालं की मी तेच तेच सांगत बसतो, आणि बहुतेक जण तरीही त्याच चुका करून येतात. म्हणून एकदाच सगळं क्रमानं लिहून ठेवतोय.

## टप्पा १ : कुठलं मुघल, कुठलं नाही, हे आधी ठरवा

घुमट दिसला की मुघल, अशी आपली सोपी समजूत असते. सोलापूरच्या माणसाला ती जास्तच नडते, कारण आपल्या चारी बाजूंना घुमट आहेत आणि त्यातले जवळपास सगळे दख्खनी सुलतानांचे आहेत. आपला भुईकोट किल्ला बहमनी आणि आदिलशाही काळातला. नळदुर्गचा पाणीमहाल आदिलशाही. विजापूरचा गोल घुमट १६५६ चा, मोहम्मद आदिलशहाची कबर. औरंगजेबानं विजापूर जिंकलं १६८६ साली, म्हणजे घुमट उभा राहिल्यानंतर तीस वर्षांनी.

मग सोलापूर जिल्ह्यात मुघल काय आहे? मंगळवेढा तालुक्यातलं माचणूर. भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं होती आणि माचणूरचा किल्ला त्याच काळातला. माचणूरच्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणारे बरेच जण त्याच्या तटाला वळसा घालून येतात आणि तो काय आहे हे विचारत नाहीत. एकदा जरूर जा. पण तिथं ताजचं काही शोधू नका. ती लष्कराची जागा आहे, दाखवायला बांधलेली नाही.

तपासा : निघण्यापूर्वी वहीत बघायच्या प्रत्येक वास्तूपुढं तीन गोष्टी लिहा: कुणी बांधली, कधी बांधली, आणि ती कबर आहे, मशीद आहे की महाल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तिथं उभं राहून काय बघायचं ते कळणार नाही. कबरीत मध्य बघायचा असतो, मशिदीत पश्चिमेची भिंत, आणि महालात कोण कुठं बसायचं आणि कोण कुठून यायचं ते.

## टप्पा २ : विजापूरला जाऊन पावलं मोजायला शिका

थेट आग्रा गाठू नका. विजापूर आपल्याला शंभरेक किलोमीटर. सकाळी लवकर निघालात तर गोल घुमटात शाळांच्या सहली यायच्या आत पोचता. सहली आल्या की वरच्या सज्जात इतका आरडाओरडा होतो की कुजबुजीचा प्रतिध्वनी ऐकायचं विसरा.

इथं करायच्या गोष्टी अशा:

१. आधी घरी वीस मीटर अंतर टेपनं मोजून त्यात आपली किती पावलं बसतात ते बघा. सावकाश चालताना मोठ्या माणसाचं पाऊल साधारण पाऊण मीटर पडतं. हे एकदा पक्कं झालं की टेप लागत नाही.

२. गोल घुमटाची एक बाजू बाहेरून चाला. ती साधारण सत्तेचाळीस मीटर आहे, म्हणजे साठ-बासष्ट पावलं. तुमची ऐंशी भरली तर तुम्ही फोन बघत चाललात.

३. आत मधोमध उभं राहून वर बघा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: खाली चौकोन आहे, वर गोल आहे, मग चौकोनावर गोल बसवला कसा? एकमेकींना छेदणाऱ्या कमानी नजरेनं धरा. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवल्यासारख्या त्या फिरतात, त्यातून आठ कोन तयार होतात आणि अष्टकोनावर गोल बसतो. वहीत हे चित्र काढा. वेडंवाकडं आलं तरी चालेल.

४. आता लक्षात ठेवायची गोष्ट. आतून जो घुमट दिसतो, तोच बाहेरून दिसतो. कवच एकच. दिल्लीला पोचल्यावर हे वाक्य आठवायचं आहे.

जमलं तर त्याच दिवशी इब्राहिम रोजा बघा. कबर आणि मशीद एकाच चौथऱ्यावर समोरासमोर, मध्ये हौद. पुढं ताजमध्ये कबरीच्या दोन्ही बाजूंना दोन लाल इमारती दिसतील, तेव्हा हा चौथरा आठवून तुलना करायला बरा पडतो.

## टप्पा ३ : महिना, वार आणि गाडी

सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात.

महिना. मुलांना सुट्टी म्हणून मे महिन्यात जाऊ नका. उन्हाचं आपल्याला काय, असं सोलापूरकर म्हणतो खरा, पण आपण दुपारी घरात असतो. तिथं तापलेल्या दगडावर अनवाणी उभं राहायचंय. डिसेंबर अखेर ते जानेवारीचा मध्य हे दुसरं टोक: उत्तरेत धुकं, गाड्या तासन् तास उशिरा, आणि पहाटे ताजच्या दारात उभं राहून समोर फक्त पांढरा पडदा. दिवाळीनंतर दिल्लीची हवा घशाला लागते. जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकली की फेब्रुवारीत निघा. पोरांच्या परीक्षा आड येतात, मान्य आहे, त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

वार. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी. हुमायूनचा मकबरा आणि फतेहपूर सिक्री रोज उघडी असतात. पहिल्या खेपेला एका यात्रा कंपनीनं आम्हाला शुक्रवारी आग्र्यात उतरवलं आणि यमुनेच्या पलीकडून ताज 'दाखवला'. बसमधल्या एका आजींनी हात जोडले आणि म्हणाल्या, "देवळाचं दार बंद असलं तरी कळस दिसला, झालं."

गाडी. कर्नाटक एक्सप्रेस रोज आहे. सकाळी सोलापूरहून निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी आधी आग्रा कँट आणि मग नवी दिल्ली. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. आणि इथंच मोठी चूक होते: गाडीत आग्रा आधी येतं म्हणून लोक आग्र्यालाच उतरतात आणि पहिल्याच दिवशी ताज बघतात. त्यानंतर जे बघाल ते ताजपेक्षा कमीच वाटतं. हुमायूनच्या मकबऱ्यासमोर माणसं "हा, तसाच आहे की, पण लाल" म्हणून दहा मिनिटांत बाहेर पडतात.

तिकीट सरळ नवी दिल्लीचं काढा. परतीचं आग्रा कँटहून. म्हणजे ज्या क्रमानं वास्तू बांधल्या गेल्या, साधारण त्याच क्रमानं त्या दिसतील.

माझा जुळवलेला आठवडा असा: शनिवारी सकाळी सोलापूर सोडायचं. रविवारी दिल्लीत पोचून दुपारी हुमायूनचा मकबरा. सोमवारी हजरत निजामुद्दीनहून आग्रा, उरलेला दिवस आराम. मंगळवारी फतेहपूर सिक्री. बुधवारी सकाळी इतिमाद-उद-दौला, दुपारी आग्र्याचा किल्ला, संध्याकाळी मेहताब बाग. गुरुवारी पहाटे ताज, रात्री परतीची गाडी. लाल किल्ला यात नाही. एक दिवस जास्त असेल तरच घाला, आणि सोमवारी नको.

इशारा : तिकिटाचे दर बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावर बघा आणि तिथूनच काढा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण त्यांचं आधार कार्ड जवळ ठेवा. ताजला आवाराचं तिकीट वेगळं आणि मुख्य कबरीत वर जायचं वेगळं. दुसरं काढायला विसरलात तर चौथऱ्याखालूनच परत यावं लागेल.

## टप्पा ४ : पिशवीत काय घ्यायचं

चौकटीची छोटी वही, दोन पेन्सिली, पाण्याची बाटली, सहज निघतील असे पायताण, जाड मोजे आणि दुर्बीण असल्यास लहानशी. चौकटीची वही मुद्दाम. चादरीचं डिझाइन ग्राफवर चौकोन भरून काढतात, जाळीही तशीच उतरवता येते.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीसाठी हवीच, पण ताजच्या दारात खाण्याचे पदार्थ आत सोडत नाहीत. तंबाखू, विडी, काडेपेटी, ट्रायपॉड तर नाहीच. आमच्याबरोबरच्या एका मामांनी तंबाखूची डबी बनियनच्या खिशात ठेवली होती. तपासणीच्या माणसानं ती काढून टोपलीत टाकली, आणि मामा पुढचे तीन तास ताजपेक्षा त्या टोपलीकडंच जास्त बघत होते. मोठी पिशवी हॉटेलवर ठेवून या.

## टप्पा ५ : आत शिरल्यावरचा क्रम

हा क्रम प्रत्येक ठिकाणी तोच. तो मोडलात तर बाकीचं सगळं पाळूनही हात रिकामे राहतात.

पहिलं, दरवाजात थांबा. पुढं पळू नका. मुख्य इमारत दरवाजाच्या कमानीत कशी बसते ते बघा. ताजच्या मोठ्या दरवाजात तर दोन-चार पावलं मागं-पुढं होऊन बघाच: मागं सरकलात की ताज कमानीत मोठा होत जातो, पुढं गेलात की तो लांब पळतो. माझ्या बायकोनं हे तीनदा केलं, चौथ्यांदा मागच्या माणसाच्या पायावर पाय पडला.

दुसरं, मधली रेघ धरा. दरवाजा, पाण्याचा पाट, हौद, चौथरा, मधली कमान, घुमटाचा कळस हे सगळं एका ओळीत येतं. त्या ओळीवर उभं राहून डावीकडं जे दिसेल ते उजवीकडं आहे का ते तपासा. आणि इमारत बागेच्या मध्यावर आहे की टोकाला, हे लिहून ठेवा. बाग चार भागांत विभागलेली असेल तर ती चारबाग.

तिसरं, चौथरा चाला. वर चढण्याआधी खालून एक बाजू पावलांनी मोजा. विजापूरला हात बसलेला असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

चौथं, दगड ओळखा. आपल्याकडं काळा बसाल्ट, घडवायला कठीण, म्हणून विजापूरला चुन्याचा गिलावा जास्त दिसतो. उत्तरेत लाल वालुकाश्म, ज्याच्या लाकडासारख्या पट्ट्या आणि पातळ जाळ्या निघतात. आणि संगमरवर. कुठला दगड कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, ती रेघ शोधा. मुघल कारागीर पांढरा दगड सहसा महत्त्वाच्या जागी लावतात, त्यामुळं इमारतीत काय महत्त्वाचं हे दगडच सांगतो.

पाचवं, भार कोण उचलतंय ते बघा. कमान की आडवी तुळई? कमान असेल तर तिचं टोक कसं आहे? तुळई असेल तर तिच्याखाली दगडी ब्रॅकेट, म्हणजे पुढं आलेले आधाराचे दगड, आहेत का? हेमाडपंती देऊळ बघितलेल्या माणसाला हे लगेच ओळखू येतं.

सहावं, आत जाऊन छत बघा आणि बाहेरच्या घुमटाशी ताडून बघा. विजापूरचं वाक्य इथं आठवायचं.

सातवं, आता नक्षी. जाळी, जडावकाम, अक्षरं. इथं एकच छोटा तुकडा निवडा, हातभर लांबरुंद. त्याचा रिपीट वहीत उतरवा. सगळी भिंत बघायची नाही.

आठवं आणि शेवटचं, फोटो. आणि फोटोतसुद्धा पहिले पाच माणसांशिवाय.

इशारा : दारात "मी गाईड" म्हणून येणारे बरेच असतात. सरकारी ओळखपत्र बघा, दर आधी ठरवा, आणि संगमरवराच्या दुकानात जाणार नाही हे तिथंच स्पष्ट सांगा. शाहजहाननं कारागिरांचे हात तोडले ही गोष्ट हमखास ऐकवतील. तिला कुठलाही पुरावा नाही. ऐकून घ्या, मान हलवा, आणि विचारा, "ही कमान खरी की तुळई?" जो गाईड या प्रश्नावर खुलतो, त्याला दोन पैसे जास्त द्या.

## टप्पा ६ : एकेक ठिकाण

### हुमायूनचा मकबरा, दुपारनंतर

आत जायचं दार पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळी गेलात तर सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि इमारत काळी दिसते. दुपारी तीननंतर पश्चिमेची बाजू पेटते.

शिरल्यावर उजवीकडं ईसाखानची कबर लागते. ती १५४७-४८ ची, शेरशाहच्या दरबारातल्या सरदाराची. आधी तीच बघा. अष्टकोनी, बुटकी, भोवती ओवरी, डोक्यावर छत्र्या. नंतर पुढं जाऊन हुमायूनच्या मकबऱ्यासमोर उभे राहा. जेमतेम पंचवीस वर्षांत किती फरक पडला ते तुम्हाला कुणी सांगायची गरज राहणार नाही.

हा मकबरा १५६० च्या दशकात सुरू झाला आणि १५७० च्या सुमारास पूर्ण झाला. हुमायूनची बेगम हाजी बेगमनं तो बांधवला, रचना मीरक मिर्झा गियासची. तो चारबागेच्या बरोबर मध्यावर आहे, हे वहीत लिहा. चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आहेत, आईवडील बरोबर असतील तर घाई करू देऊ नका. कमानींच्या खांद्यांवर षट्कोनी चांदण्या दिसतील. त्या भूमितीची खूण म्हणून बघा, त्यावर वाद घालत बसलेले लोक तिथं नेहमी भेटतात.

आत गेल्यावर वर बघा. बाहेरून एवढा उंच घुमट, आतून छत बरंच खाली. इथं कवचं दोन आहेत: आतलं खोलीच्या मापाचं, बाहेरचं लांबून दिसण्यासाठी, आणि मध्ये पोकळी. गोल घुमट बघून आलेल्या माणसाला हे दहा सेकंदांत कळतं. न आलेल्याला मी पाटीवर वाचून दाखवलं तरी कळलेलं नाही.

तपासा : बाहेर पडताना वहीत दोन घुमट शेजारी-शेजारी काढलेले असले पाहिजेत, विजापूरचा एका रेघेचा आणि हा दोन रेघांचा. नसतील तर परत आत जा.

### फतेहपूर सिक्री

आग्र्याच्या ईदगाह बसस्थानकावरून बस मिळते, चाळीसेक किलोमीटर. अकबराची ही राजधानी १५७१ पासून बांधली गेली आणि १५८५ मध्ये दरबार इथून हलला. इथं दोन वेगळे भाग आहेत: महालांचं आवार, ज्याला तिकीट लागतं, आणि दर्गा-मशिदीचं आवार, ज्याला लागत नाही. लोक बुलंद दरवाजाकडून शिरतात, दर्ग्यात चादर-दोऱ्याच्या आग्रहात अडकतात आणि महाल राहून जातात. उलटं करा. आधी महाल, नंतर दर्गा.

महालांत कमानी कमी आणि तुळया जास्त. लाल दगड लाकडासारखा कापून खांबावर तुळई, तुळईवर फरशी अशी मांडणी आहे. म्हणून म्हणतो, हेमाडपंती देवळांत वाढलेल्या डोळ्यांना सिक्री परकी वाटत नाही.

दिवाण-ए-खासमधला मधला खांब हे इथलं माझं आवडतं काम आहे. खाली सडपातळ, आणि वर जाताना ब्रॅकेटांचे थर एकावर एक बाहेर येत जातात, उलट्या छत्रीसारखे. ते ब्रॅकेट मोजा. छत्तीस आहेत. मोजताना खांबाभोवती एक फेरी मारावी लागते आणि त्या फेरीतच वरच्या चार कोपऱ्यांकडं जाणारे दगडी पूल दिसतात, जे एका जागी उभं राहून दिसत नाहीत. तिथून बाहेर पंचमहाल. पाच मजले, वर जाताना प्रत्येक मजला लहान, एकूण १७६ खांब, त्यातले ८४ तळमजल्यावर. मुलं बरोबर असतील तर त्यांना तळमजल्याचे खांब मोजायला सोडा, अर्धा तास शांतता मिळते.

मग पायताण काढून दर्गा. लाल आवारात सलीम चिश्तींची पांढरी कबर. भोवतालच्या जाळ्या आणि छज्जाखालचे सापासारखे वळलेले ब्रॅकेट. दुसऱ्या खेपेला याच जाळीसमोर मी वही उघडली. चौकोनात टिंबं भरत गेलो. एका षट्कोनापासून सुरू केलं, बाजूच्या षट्कोनावर आलो, आणि मग लक्षात आलं की मी नुसती फुलं मोजतोय, दगडी पट्टी कुठून कुठं वळते ते बघतच नाही. खोडून परत सुरू केलं. शेजारी एक पोरगी उभी राहून बघत होती, तिनं विचारलं, "अंकल, ड्रॉइंग टीचर हो?" घरी आल्यावर काकांनी तो कागद बघितला आणि पेन्सिल घेऊन एक रेघ दुरुस्त केली.

### आग्र्याचा बुधवार

इतिमाद-उद-दौलाला पूर्वेकडून शिरतात, म्हणून सकाळी जा. समोरची बाजू उन्हात असते. नूरजहाननं वडिलांसाठी १६२२ ते १६२८ मध्ये बांधवलेली ही कबर. मोठा घुमट नाही, वर चौकोनी दालन आहे, पण चारी कोपऱ्यांना मनोरे आहेत आणि पूर्ण अंग संगमरवराचं. दगडात रंगीत दगड जडवण्याचं काम, त्याला पर्चिनकारी म्हणतात, इथं भिंतभर आहे: सुरया, फुलदाण्या, सुरूची झाडं. गर्दी कमी असते, म्हणून एका तुकड्याजवळ बराच वेळ थांबता येतं. इथं डोळे तयार होतात आणि दुसऱ्या दिवशी ताजमध्ये उपयोगी पडतात.

आग्र्याच्या किल्ल्यात अमरसिंह दरवाजानं प्रवेश आहे आणि बाहेर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. १२ मे १६६६ ची आठवण इथं प्रत्येक मराठी माणसाला येणारच, फोटो काढा आणि आत चला. आत लक्ष एका गोष्टीवर ठेवा: अकबराच्या काळातले लाल महाल आणि शाहजहानचे पांढरे यांच्यातला सांधा. जहांगिरी महालातून पुढं खास महालाकडं चालत गेलात की दगड पायाखालीच बदलतो. शेवटी मुसम्मन बुरुज. शाहजहान १६५८ पासून मरेपर्यंत, म्हणजे १६६६ पर्यंत, याच किल्ल्यात कैदेत होता.

संध्याकाळी मेहताब बाग, यमुनेच्या पलीकडं, ताजच्या बरोबर समोर. शाहजहानला स्वतःसाठी इथं दुसरा, काळा ताज बांधायचा होता, ही गोष्ट इथंच सांगतात. उत्खननात निघाला तो बागेचा अष्टकोनी हौद, दुसऱ्या ताजचा पाया नव्हे. पण इथून एक गोष्ट मात्र कळते, जी आतून कळत नाही: ताज बागेच्या टोकाला का ठेवला, नदी त्याच्या रचनेत कशी धरली.

### ताज, पहाटे

सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी दार उघडतं. त्याच्याही आधी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या दारी रांगेत या. तिकिटाला तीन तासांची मर्यादा आहे, त्यामुळं क्रम मोडायला वेळ नाही.

मधली रेघ, पाट, चौथरा. कबर मध्यावर नाही, टोकाला नदीवर. हुमायूनच्या पानावरचं वाक्य काढून बघा. संगमरवरी चौथऱ्याची बाजू साधारण ९५ मीटर, कळसापर्यंत उंची सुमारे ७३ मीटर. काम १६३२ ला सुरू झालं आणि सगळं आवार पुरं व्हायला १६५३ उजाडलं. प्रमुख वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी.

मग या चार गोष्टी, याच क्रमानं:

दरवाजाच्या कडेनं वर चढणारी काळी अक्षरं सुलेखनकार अमानत खानची. खालचं अक्षर आणि वरचं अक्षर सारखंच वाटतं, म्हणजे वरचं मोठं कोरलंय. लहान मुलाला हे दाखवलं तर ते विश्वास ठेवत नाही; दुर्बीण असेल तर द्या.

मनोरे किंचित बाहेर झुकलेले आहेत. मनोऱ्याची कड कबरीच्या उभ्या कोपऱ्याशी लावून बघा.

पश्चिमेची लाल इमारत मशीद, पूर्वेची तिचा जोडीदार. बाहेरून जुळ्या. फरक जमिनीवर आहे: मशिदीत नमाजाच्या जागा आखलेल्या आहेत, पूर्वेकडं नाहीत. दोन्हीत शिरून बघा, फार कुणी शिरत नाही.

आत, मुमताजची कबर बरोबर मधल्या रेघेवर, शाहजहानची तिच्या पश्चिमेला, मोठी. एवढ्या मोठ्या आवारात जोडी मोडणारी जागा हीच. आणि ही दिसते ती खरी कबर नाही, खरी खाली तळघरात आहे. आत फोटो काढायचा नाही. हे बरंच आहे. भोवतीच्या अष्टकोनी जाळीकडं बघायला हात मोकळे राहतात.

बाहेर पडताना खालच्या भिंतीवरची फुलं तिरप्या उन्हात बघा. ही जडवलेली नाहीत, कोरून उठवलेली आहेत, आणि सावलीशिवाय ती दिसत नाहीत. दुपारी बारा वाजता आलेल्यांना ती कधीच दिसत नाहीत.

इशारा : भिंतीला हात लावू नका. सगळेच लावतात, म्हणून तिथं दगड पिवळा पडलाय.

## टप्पा ७ : परतल्यावर महिन्याभरात संभाजीनगर

बहुतेक लोक बिबी का मकबरा आधी बघतात आणि त्याला 'गरिबांचा ताज' म्हणून मोडीत काढतात. तो शेवटी बघायचा. तुळजापूर, धाराशिव, बीड असा रस्ता, तीनशेच्या वर किलोमीटर, पहाटे निघा.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर १६६० च्या सुमाराची. वास्तुकार अताउल्ला, म्हणजे ताजच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. एका जुन्या फारसी तवारिखेत खर्च दिलाय ६,६८,२०३ रुपये. ते पैसे कुठं वाचवले हे शोधणं हेच इथलं काम.

वहीतलं ताजचं पान उघडून समोर धरा. कबर बागेच्या मध्यावर परत आली आहे, हुमायूनसारखी. मनोरे अंगाजवळ आणि जाड. इमारत अरुंद आणि उंच. नंतर निजामाच्या काळात पश्चिमेला बांधलेल्या मशिदीनं एक बाजू जड केली आहे. आत कबर खाली आहे, वरून वाकून बघावी लागते, भोवती अष्टकोनी जाळी.

आणि शेवटी दगड. भिंतीजवळ जाऊन खालून वर बघत जा. संगमरवर एका उंचीपर्यंत येतो आणि थांबतो. तिथून वर आपला काळा बसाल्ट आहे, चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्याखाली झाकलेला, आणि घुमटाला पुन्हा संगमरवर. ती रेघ सापडली की वहीत काढा, आणि अंधार पडायच्या आत सोलापूरचा रस्ता धरा. बीडच्या पुढं उशिरा जेवायला मिळेलच असं नाही, त्यामुळं उरलेली कडक भाकरी मकबऱ्याबाहेरच्या कुत्र्यांना घालू नका.